चीर किती लांब, यापेक्षा बरगड्या फाकवणार का ते विचारा

पत्र : डॉक्टर मॅडम, माझे वडील (आम्ही त्यांना नाना म्हणतो) ६१ वर्षांचे आहेत. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. नानांना वीस वर्षांपूर्वी टीबी झाला होता, तेव्हा पूर्ण कोर्स केला. आता दोन वर्षांपासून अधूनमधून खोकल्यातून रक्त पडतं. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात जुनी पोकळी आणि तिच्यात बुरशीचा गोळा निघाला. नाशिकचे सर्जन म्हणतात, वरचा लोब (फुफ्फुसाचा कप्पा) काढावा लागेल आणि ते 'ओपन'च करावं लागेल, बगलेखालून पाठीपर्यंत चीर घेऊन. मुंबईच्या एका सर्जनना आम्ही रिपोर्ट पाठवला, ते म्हणाले दुर्बिणीतून होऊ शकेल. माझा भाऊ म्हणतो, नाशिकचे डॉक्टर जुन्या वळणाचे आहेत, आता सगळीकडे दुर्बीण नाहीतर रोबोट. शेजारच्या काकांचं छातीच्या मधोमध कापून बायपास झालं, त्यांना फार दुखलं नाही म्हणे. मग नानांचंही तसंच का नाही? नाना एवढंच म्हणतात, 'काय कापायचं ते कापा, पण हात वर झाला पाहिजे. आणि अर्ध्या फुफ्फुसावर माणूस जगतो का ते विचार.' त्यांना शुगर आहे. आम्ही दुर्बिणीचाच आग्रह धरावा का? ऑक्टोबर छाटणीपर्यंत ते उभे राहतील का?
– नानांची मुलगी, इंदिरानगर, नाशिक

ताई,

तुमच्या पत्रात चिरेबद्दल बरंच आहे, पण कामाचं वाक्य नानांनी बोललंय. हात वर झाला पाहिजे. द्राक्षबागेत मांडवाखाली दिवसभर हात डोक्याच्या वर असतात; छाटणी, विरळणी, सगळं वर बघून. अशा माणसाच्या छातीत कुठून शिरायचं हे ठरवताना हा मुद्दा सर्जनच्या कानावर जायलाच हवा, आणि माझी पैज आहे की दोन्हीकडे कुणी तो सांगितलेला नाही. 'शेतकरी' एवढंच केसपेपरवर लिहिलेलं असतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. टेबलाच्या डोक्याकडची जागा माझी, चाकू माझ्या हातात नसतो, त्यामुळे ओपन की दुर्बीण या भांडणात मला कुणाची तळी उचलायची नाही. मला काळजी असते ती पेशंट शुद्धीवर आल्यावर पहिला खोकला कसा काढतो याची. छातीच्या ऑपरेशनमध्ये पुढचं बरंचसं त्या खोकल्यावर ठरतं. दुखतं म्हणून माणूस खोकत नाही, कफ साठतो, आणि मग न्यूमोनिया.

म्हणून आधी दुखतं कशानं ते समजून घ्या. कातडीवरच्या चिरेनं नव्हे. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेला एक खाच असते, तिच्यातून नस जाते. ओपन ऑपरेशनमध्ये दोन बरगड्यांच्या मधून, बहुतेकदा पाचव्या फटीतून, आत शिरतात आणि तिथे रिब स्प्रेडर लावतात. हे लोखंडी दोन पात्यांचं, दांडा फिरवून फाकवायचं अवजार. दांडा फिरला की कट्-कट् आवाज येतो. अनुभवी सर्जन एक घर फिरवतो, थांबतो, बरगड्यांना ताण घेऊ देतो, मग पुढचं घर. घाईनं फिरवला तर बरगडी मोडते. पण कितीही सावकाश केलं तरी पात्याखाली ती नस दाबली जाते. ऑपरेशननंतरचं दुखणं आणि काहींना महिनोन्‌महिने राहणारी ती चुरचुर, बधिरपणा, शर्ट लागला तरी होणारी जळजळ, याचं मोठं कारण तिथे आहे. दुर्बिणीत स्प्रेडर लावत नाहीत. एक ते तीन-चार छोटी छिद्रं, त्यातलं एक तीन ते पाच सेंटिमीटरचं, कारण काढलेला लोब पिशवीत घालून तिथूनच बाहेर ओढायचा असतो. फायदा आहे तो स्प्रेडर नसण्याचा. लहान चीर घेऊन आत बरगड्या फाकवल्या, तर त्याला दुर्बिणीचं ऑपरेशन म्हणायचं नाही, कुणी कितीही म्हणो.

भावाचं म्हणणं अगदीच चूक नाही. ब्रिटनमध्ये नऊ हॉस्पिटलांत ५०३ रुग्णांवर एक चांगला अभ्यास झाला, त्याचे निकाल २०२२ मध्ये आले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्ण दोन गटांत वाटले, निम्म्यांचं दुर्बिणीतून, निम्म्यांचं ओपन. दुर्बिणीवाले पाचव्या आठवड्यात जास्त हिंडते-फिरते होते आणि हॉस्पिटलातूनही साधारण एक दिवस आधी घरी गेले. पण ते रुग्ण होते फुफ्फुसाच्या कॅन्सरचे, तोही लवकरच्या पायरीवरचा. त्यांची छाती आतून मोकळी होती. नानांची तशी नाही.

निरोगी छातीत फुफ्फुस कशाला चिकटलेलं नसतं. मी एका बाजूचा श्वास बंद केला (त्यासाठी दोन नळ्या एकात असलेली खास नळी घालतो, म्हणजे एकच फुफ्फुस चालू ठेवता येतं) की ते फुफ्फुस हळूहळू बसतं, आकसतं, आणि कॅमेऱ्याला हिंडायला मोकळी जागा मिळते. दुर्बिणीचं सगळं या जागेवर चालतं. टीबी होऊन गेलेल्या छातीत कॅमेरा आत घातला की पुष्कळदा पडद्यावर नुसता पांढुरका पापुद्रा दिसतो. फुफ्फुस बरगड्यांना, वर गळ्याच्या बाजूला, चिकटून बसलेलं. जागाच नाही. मग सर्जन त्याच छिद्रातून बोट घालून आजूबाजूला फिरवून बघतो, सुटतंय का. कधी सुटतं. कधी बोटाला दगड लागतो.

त्यात बुरशीचा गोळा. जुन्या पोकळीत ही बुरशी वर्षानुवर्षं वाढते आणि पोकळीच्या भिंतीत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, कधी तर छातीच्या भिंतीकडूनही. नानांना रक्त पडतं ते यातूनच. गोळ्या-औषधं आत फारशी पोचत नाहीत, म्हणून अंगात ताकद असेल तर शस्त्रक्रिया हाच पक्का इलाज. पण चिकटलेलं सोडवताना त्याच वाहिन्या सुटतात आणि रक्तस्राव होतो. वरच्या टोकाला हाताकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी जवळच असते. अशा ठिकाणी सर्जनला हात घालून दाबता आलं पाहिजे. नाशिकच्या डॉक्टरांनी ओपन म्हटलं यात मला जुनं वळण दिसत नाही. त्यांनी सीटी नीट बघितला असावा असं वाटतं.

म्हणजे मुंबईचे चुकले का? तसंही नाही. पोकळीची भिंत पातळ, आजूबाजूचं फुफ्फुस बऱ्यापैकी चांगलं, पोकळी छातीच्या भिंतीला फारशी न चिकटलेली, असं असेल तर बुरशीचा गोळाही दुर्बिणीतून काढतात, ज्यांना सवय आहे ते. पण तुम्ही लिहिलंय की त्यांनी 'रिपोर्ट बघून' सांगितलं. रिपोर्ट म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहिलेलं एक पान. त्यावर 'लोबेक्टमी (लोब काढणं) शक्य' एवढंच सांगता येतं. तुम्ही सीडी पाठवा, म्हणजे त्यांना सगळी चित्रं एकेक करून बघता येतील. तीही रक्तात डाय सोडून केलेल्या स्कॅनची, म्हणजे वाहिन्या दिसतात. चित्रं बघितल्यावरही ते दुर्बीणच म्हणाले, तर त्या मताला वजन आहे. मला वाटतं, बघितल्यावर ते म्हणतील, 'दुर्बिणीनं सुरुवात करू, नाही जमलं तर उघडू.' हे उत्तर आलं तर त्याला पळवाट समजू नका. छातीच्या शस्त्रक्रियेत ही रोजची पद्धत आहे, आणि मध्येच ओपन करावं लागणं म्हणजे ऑपरेशन फसलं असं नव्हे. उलट वेळेवर न उघडणारा सर्जन मला जास्त भीतिदायक वाटतो.

रोबोटबद्दल एका ओळीत: तोही बरगड्या फाकवत नाही, हात आत फिरवायला सोपे जातात, बिल वाढतं, आणि चिकटलेल्या छातीत त्याचीही जागेची अडचण तीच.

शेजारच्या काकांचं बरोबर आहे, मधोमधची चीर खरंच कमी दुखते. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि शेवटी स्टीलच्या तारेनं बांधतात. बरगडीखालची नस मध्ये येतच नाही. हृदयाला, छातीच्या मधल्या गाठीला, किंवा दोन्ही फुफ्फुसांत समोरून थोडं थोडं काम असेल तर ती वाट चांगली. पण नानांचं चिकटलेलं आहे ते वर आणि बहुधा मागे, पाठीकडे. समोरून तिथे हात पोचत नाही, नजर तर त्याहून नाही. दोन्ही बाजूंनी छाती आडवी उघडतात अशीही एक चीर आहे, स्तनांखालून या बगलेपासून त्या बगलेपर्यंत. ती दोन्ही फुफ्फुसांच्या प्रत्यारोपणाला किंवा मोठ्या अपघातात लागते. नानांशी तिचा संबंध नाही. राहिली ती कुशीवर झोपवून घेतलेली बाजूची चीर.

या बाजूच्या चिरेतही निवड असते, आणि त्याबद्दल कुणी विचारत नाही. नेहमीच्या मोठ्या पद्धतीत पाठीचा एक रुंद स्नायू आडवा कापतात. हाच स्नायू हात खाली आणि मागे ओढतो. पंपाची दोरी ओढताना, फांदी खेचताना तो लागतो. त्याच्या पुढे बरगड्यांवर पसरलेला दुसरा एक स्नायू आहे. तो पाठीचं फावडं, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, फिरवतो, आणि ते फिरलं तरच हात खांद्याच्या वर जातो. नानांच्या मांडवासाठी हा दुसरा जपायचा. बहुतेक सर्जन तो कापत नाहीत, बाजूला सारतात, पण त्याची नस बरगड्यांवरून खाली उतरते आणि ओढाताणीत तिला धक्का लागला तर फावडं बाहेर पंखासारखं येतं. काही सर्जन दोन्ही स्नायू न कापता बाजूला सारून आत शिरतात. चीर थोडी पुढे, बगलेकडे असते, दिसायला जागा कमी मिळते. नानांइतकी चिकटलेली छाती असेल तर तेवढ्या जागेत काम होईल का, हे त्या सर्जनलाच ठरवू द्या. पण विचारायला काही जात नाही. 'नाना मांडवाखाली काम करतात, स्नायू वाचवून करता येईल का?' एवढं म्हणा. चांगला सर्जन या प्रश्नानं खूश होतो. चिडला तर तेही कळून येईल.

आग्रह धरावा का, हा तुमचा मूळ प्रश्न. दुर्बिणीचाच धरू नका. मनाविरुद्ध, सवय नसलेल्या वाटेनं कुणाला आत शिरायला लावणं म्हणजे घाटात नवशिक्याच्या हाती गाडी देण्यासारखं आहे. आग्रह धरायचाच तर तीन-चार गोष्टींचा धरा. टीबीनं खराब झालेल्या फुफ्फुसांची ऑपरेशनं या सर्जनच्या हातून नेहमी होतात का? कॅन्सरची होतात हे उत्तर पुरेसं नाही. रक्ताच्या पिशव्या आधी तयार असतील का? रात्री रक्तस्राव झाला तर पुन्हा टेबलावर घेणारी टीम जागेवर आहे का? आणि माझ्या धंद्यातला प्रश्न, जो तुम्ही भूलतज्ज्ञांना भेटून विचारायचा: दुखू नये म्हणून काय करणार? पाठीच्या कण्याजवळ बारीक नळी ठेवून तिथून बधिर करणारं औषध सोडतात, एपिड्युरल किंवा पॅराव्हर्टिब्रल. ओपनमध्ये हे नसेल तर नाना खोकणार नाहीत. 'इंजेक्शन देऊ गरजेप्रमाणे' या उत्तरावर समाधान मानू नका. एपिड्युरल नीट चालू असलेला ओपनचा पेशंट दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसून चहा पिताना मी पुष्कळदा बघितलाय.

आधीची तयारी घरी सुरू करा, तारीख ठरायच्या आधीच. थुंकीची सीबीनॅट तपासणी करून टीबी पुन्हा जागा झालेला नाही हे बघायला हवं. ही तपासणी झालेली नसेल तर सर्जनना आठवण करा. शुगर आटोक्यात आणा, नाहीतर आतला टाका आणि बाहेरची जखम दोन्ही त्रास देतात. नाना बिडी किंवा मिश्री घेत असतील तर आजपासून बंद, 'ऑपरेशननंतर सोडतो' हे चालणार नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचं नाव लिहून न्या. तीन गोळे वर चढवायचं ते प्लॅस्टिकचं यंत्र मेडिकलमध्ये मिळतं, ते रोज ओढायला लावा. श्वास आत घ्यायचा असतो, फुंकायचं नसतं; निम्मे पेशंट फुंकत बसतात. आणि फुफ्फुसाच्या ताकदीची तपासणी, पीएफटी, झालीच पाहिजे. वरचा लोब काढल्यावर उरलेलं पुरेल का, हे तिच्यावरून कळतं.

नानांचा दुसरा प्रश्न त्यातच आला. उजव्या फुफ्फुसाचे तीन लोब असतात, डाव्याचे दोन. काढायचा आहे तो पाचांतला एक, तोही असा की ज्याच्यात आता बुरशीशिवाय फारसं काही चालत नसावं. अर्धं फुफ्फुसही जात नाहीये. त्यांना एक गोष्ट सांगा. अमेरिकेत १९३३ मध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम या सर्जननी कॅन्सर झालेल्या एका डॉक्टरचं अख्खं डावं फुफ्फुस एकाच बैठकीत काढलं. तो पेशंट पुढे पुष्कळ वर्षं जगला, ग्रॅहमपेक्षाही जास्त. ग्रॅहम १९५७ मध्ये फुफ्फुसाच्याच कॅन्सरनं गेले, सिगारेट ओढायचे. बिडीचा विषय काढायला ही गोष्ट बरी पडेल.

ऑपरेशननंतर छातीतून एक-दोन नळ्या बाहेर येतील, पाण्याच्या बाटलीला जोडलेल्या. बाटलीत बुडबुडे येतील. पाहुणे घाबरतात, 'हवा जातेय' म्हणून. थोडे दिवस जातेच. टीबीचं फुफ्फुस कडक असतं, ते फुगून जागा भरायला वेळ घेतं, आणि नळी आठवडाभर किंवा जास्तही राहू शकते. बाटली छातीच्या वर उचलायची नाही, एवढं भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगा. उशी छातीशी धरून खोकायचं. उजवा हात दुसऱ्या दिवसापासून वर न्यायला लावायचा, भिंतीवर बोटं चालवत. खांदा आखडतो तो बऱ्याचदा चिरेमुळे नाही, घाबरून हात पोटाशी धरून ठेवल्यामुळे. फिजिओथेरपिस्ट वॉर्डात येत नसेल तर मागून घ्या.

छाटणीचं स्पष्ट सांगते. सगळं सुरळीत झालं तरी ओपननंतर पहिले सहा ते आठ आठवडे वजन उचलणं, ओढणं नाही, आणि मांडवाखाली दिवसभर हात वर धरायला साधारण तीन महिने लागतील असं धरून चाला. दुर्बिणीतून झालं तर याहून लवकर. म्हणजे ऑपरेशन ऑगस्टमध्ये झालं तर ऑक्टोबरच्या छाटणीला नाना बांधावर खुर्ची टाकून सूचना देतील, कात्री मजुरांच्या हाती. फवारणीच्या वेळी त्यांनी बागेत थांबायचं नाही, यंदा तर नाहीच. छाटणीसाठी ऑपरेशन पुढे ढकलू मात्र नका. रक्त छाटणीचं वेळापत्रक पाळत नाही.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचार चालू असणारच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसतो. दाखल व्हायच्या आधी त्याला भेटा. मंजुरी आधी लागते, नंतर धावपळ होते. आणि योजनेत असा की नसा, सर्जनना विचारा की स्टेपलर किती लागतील आणि ते पॅकेजमध्ये धरलेत का. फुफ्फुस आणि वाहिन्या बंद करायला हे स्टेपलर लागतात, त्यांच्या प्रत्येक काडतुसाची (आत भरायच्या पिनांच्या संचाची) किंमत वेगळी लागते, दुर्बिणीत ही काडतुसं जास्त लागतात. बिलाचे वाद मला दिसतात ते बहुतेक याच ओळीवर.

आता तारीख ठरेपर्यंतचं. थुंकीत रक्ताचे धागे दिसले तर डॉक्टरांना फोन पुरे. पण कपभर रक्त पडलं, किंवा थांबेना, तर नानांना उजव्या कुशीवर झोपवा, म्हणजे खराब बाजू खाली. लोकांना उलट वाटतं, दुखरी बाजू वर ठेवतात. मग रक्त चांगल्या फुफ्फुसात उतरतं आणि माणूस त्यानं गुदमरतो. १०८ ला फोन करा आणि नाशिकमधल्याच मोठ्या हॉस्पिटलात न्या, मुंबईचे सर्जन पसंत असले तरी. अशा वेळी घाट उतरायचा नाही. मांडीतून तार घालून रक्तवाहिनी आतून बंद करण्याची सोय कुठे आहे, तीही रात्री, हे आजच दोन फोन करून विचारून ठेवा. त्यानं बुरशी जात नाही, पण तेवढ्यापुरतं रक्त थांबतं आणि ऑपरेशन शांतपणे करता येतं. फाइल, सीडी आणि योजनेची कागदपत्रं एका पिशवीत घालून ती पिशवी निफाडला नानांच्या घरी ठेवा. तुमच्याकडे इंदिरानगरला नको.